एक जूनच्या दोघी

"तुम्हा दोघींचीही एक जून?" इनामदारांनी वहीतून मान वर काढली. "आणि साल?"

"अडुसष्ट," मी आणि मालन एकदमच म्हणालो.

इनामदार खूश झाले. साताऱ्याच्या एका दैनिकात ते खेळाचं पान सांभाळायचे. दर रविवारी त्यांचं एक सदर यायचं, 'एकाच दिवशी जन्मलेले'. महाराष्ट्रातले जुने-नवे खेळाडू शोधायचे, त्यांच्या जन्मतारखा जुळवायच्या आणि एका तारखेला जन्मलेल्या चार-पाच जणांची हकिकत एकत्र लिहायची, असा त्यांचा नाद. मैदानाच्या कडेच्या दगडावर बसून त्यांनी वहीची पानं आमच्यापुढे उलटली.

"हे बघा. बंडा मगदूम, कुरुंदवाडचे पैलवान, एक जून एकोणीसशे एकवीस. दाजी भुवड, रत्नागिरीकडचे पोहणारे, एक जून. पुसदचा एक भालाफेकवाला, एक जून. हॉकीतला एक गोलरक्षक, तोही एक जून. मी पंधरा वर्षं तारखा गोळा करतोय, पण या दिवसाला जेवढे खेळाडू जन्मले तेवढे वर्षात कुठल्याच दिवशी नाहीत. काहीतरी आहे बघा या दिवसात!"

मालन माझ्याकडे बघून गालात हसली. मलाही हसू आवरेना. इनामदार पुण्याचे, दवाखान्यात जन्मलेले, पत्रिका असलेले. आमच्याकडच्या शाळांची रीत त्यांना कुठून माहीत असणार? धामणवाडीच्या शाळेत आईबाप पोराला घेऊन यायचे. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? कुणी म्हणायचं भात कापणीचा, कुणी म्हणायचं थोरल्या म्हशीला रेडकू झालं त्याच्या आदल्या हप्त्यातला. मग गुरुजी पोराकडं एकदा बघायचे, पहिलीत बसण्याएवढं वय मागं मोजायचे आणि एक जून लिहून टाकायचे. मी आणि मालन एकाच दिवशी शाळेत गेलो, एकापाठोपाठ एक उभ्या राहिलो, आणि गुरुजींनी दौतीत टाक एकदाच बुडवून दोघींना जन्माला घातलं.

"मालन, चल गं!" पलीकडून भोईटे सरांची हाक आली. सर आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर आणि जिल्ह्याच्या कुमारी संघाचे मार्गदर्शक. डिसेंबर संपत आला होता. संक्रांतीच्या आसपास परभणीला राज्याची खो-खो स्पर्धा होती, अठरा वर्षांखालच्या मुलींची. आमचं शिबिर सुरू होतं. मालन उठली, स्कर्टची माती झटकली आणि पळाली.

इनामदार तिच्याकडेच बघत राहिले. ती खांबाकडे धावत गेली, पुढच्या मुलीने दिशा बदलायच्या आत अंग झोकून दिलं, एका हाताने खांबाला विळखा आणि दुसरा हात त्या मुलीच्या टाचेला. जमिनीला समांतर. असा सूर मारणारी पोर मी पुढेही फार पाहिली नाही.

"मुलांतसुद्धा असं कुणी मारत नाही," इनामदार म्हणाले. "हिचाच फोटो टाकतो. कर्णधारही तीच ना? वरच्या धनगरवाड्यातली म्हणे. रोज डोंगर उतरून शाळेला यायची?"

"होय."

"अजून सांग तिच्याबद्दल."

मी बाजूलाच बसले होते. मीही जिल्ह्याच्या संघात होते. चार मिनिटं पळून दाखवणारी मीच होते. त्यांनी माझ्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. "माझं काय छापणार?" असं मी विचारलं नाही. मी म्हणाले, "साहेब, मालन काय खरी एक जूनची नव्हं."

"म्हणजे?"

"ती भूकंपाची. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे जन्मली. तिचा थोरला भाऊ भिंतीखाली गेला, चार वर्षांचा होता, आणि तासाभरात ही अंगणात जन्मली. सगळ्या गावाला ठावं हाय."

इनामदारांचं पेन थांबलं आणि मग भरभर चालू लागलं. "भावाचं नाव?"

"किसन."

"वा," ते म्हणाले. "काय हकिकत आहे!"

छापू नका, असं मी म्हणाले नाही. वयाचं गणित तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कधी कधी ते मला खरंही वाटतं.

*

परभणीत आम्ही गटातले तिन्ही सामने जिंकलो. तिसऱ्या सामन्यात मालनने एकटीने सहा गडी मारले. लोक दुसऱ्या मैदानावरून उठून आमचा सामना बघायला आले. थंडी बोचरी होती, पण तिच्या कपाळावर घाम होता आणि ती सारखी हसत होती. पेपरातला मजकूर येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. तो आम्ही कुणीच वाचला नव्हता. आमच्या गावात पेपर यायचा तो सोसायटीत, आणि आम्ही तर शिबिरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामन्याआधी भोईटे सर आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या वर्गात आले. त्यांचा चेहरा पाहून वेण्या घालणाऱ्या मुलींचे हात थांबले.

"मालन, शेवंता. दोघी चला माझ्यासोबत."

व्हरांड्यातून जाताना त्यांनी सांगितलं. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने हरकत घेतली होती. त्यांच्याकडे सातारच्या पेपरातलं कात्रण होतं. मालन अकरा डिसेंबर सदुसष्टला जन्मली, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे तिला अठरा पूर्ण होऊन महिना उलटला होता. ती या स्पर्धेत बसत नव्हती.

मालनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू नेहमीच्या जागी नसली की आपण बघतो, तसं.

"दाखल्यावर एक जून आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "समितीला दाखला मान्य करावाच लागतो. फक्त तू म्हण की पेपरातलं खोटं आहे, पेपरवाल्याने मीठमसाला लावून लिहिलं. एवढंच म्हण. बाकी मी बघतो."



सातवीच्या वर्गात तिघे जण टेबलामागे बसले होते. मधले गृहस्थ समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, निवृत्त शिक्षक असावेत. आवाज मऊ होता. त्यांच्यापुढे दाखला होता आणि ते कात्रण. मालनचा फोटो मला उलटा दिसत होता.

"बाळ, घाबरू नकोस," ते म्हणाले. "तुझी जन्मतारीख सांग."

"दाखल्यावर एक जून हाय."

"दाखल्यावरची मी वाचलीय. खरी कुठली?"

मालनने कात्रणाकडे पाहिलं.

"या पेपरात लिहिलंय की तू भूकंपाच्या दिवशी जन्मलीस. तुझा भाऊ त्या पहाटे गेला. हे लिहिणाऱ्याने मनाचं लिहिलं असेल तर तसं सांग. आम्ही दाखला मानू आणि तू आत्ता मैदानात जाशील."

भोईटे सर दाराशी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. खोटं आहे म्हण. म्हण.

मालनने दोन्ही हात मागं बांधले. "साहेब," ती म्हणाली, "माझी आई त्या दिवशी चूल पेटवत न्हाय. अजून न्हाय. आमच्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत न्हाय. दादाच्या दिवसाला मी खोटा कसा म्हणू?"

उजवीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि काही वेळाने माझ्याकडे पाहिलं.

"तू शेवंता शेडगे. पेपरवाल्याला तू सांगितलंस?"

"होय."

"खरं आहे?"

मी म्हणू शकले असते की मी गंमत केली. एका वाक्याचं काम होतं. मालन म्हणू शकत नव्हती, पण मी म्हणू शकले असते. तो माझा भाऊ नव्हता.

"गावात सगळी असंच म्हणत्यात," मी म्हणाले.

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग लिहिता लिहिताच, जणू काम पुरं करायचं म्हणून, विचारलं, "आणि तुझी तारीख? तुझीही दाखल्यावर एक जूनच आहे."

"एक जून."

"खरी?"

मालन माझ्या शेजारी उभी होती. तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. ती समोरच्या फळ्याकडे बघत होती.

"खरी," मी म्हणाले.

*

मालनला स्पर्धेतून काढलं. दोन वर्षं कुठल्याही स्पर्धेत खेळता येणार नाही, असा कागद सरांच्या हातात दिला. संघाला मात्र खेळू दिलं. उरलेल्या सामन्यांसाठी कर्णधाराची पट्टी सरांनी माझ्या दंडावर बांधली. बांधताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मालन मैदानाबाहेर पाण्याच्या माठांजवळ बसली. आमच्या संघाच्या जर्सीवर तिने सरांचा स्वेटर घातला होता. मी पळत होते आणि तिचा आवाज ऐकू येत होता. "शेवंते, डावीकडनं! दोन मिनिटं झाली, अजून एक काढ! वळ, वळ!" मी तिच्या आवाजावर पळाले. तो सामना जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही एका गुणाने जिंकलो. मला उत्कृष्ट संरक्षकाचं बक्षीस मिळालं आणि महाराष्ट्राच्या संघात माझं नाव आलं. मुलींनी मला खांद्यावर घेतलं. वरून मी पाहिलं तर मालन माठावर पालथा घातलेला पेला उचलून लहान मुलींना पाणी देत होती.

परतताना मनमाडला गाडी बदलायची होती. दुपारचं ऊन फलाटावर पसरलं होतं. बाकीच्या मुली भेळ आणायला गेल्या. मालन एका बाकावर एकटी बसली होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

"दादाचं नाव कशाला सांगितलंस गं?" ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"माझं सांगितलंस ते सांगितलंस. पण त्याचं नाव बाहेरच्या माणसानं घ्यावं असं आईला वाटायचं न्हाय."

"मालन, मला ठावं नव्हतं असं होईल."

ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा मारत होती. मग अगदी सहज म्हणाली, "तू तर माझ्याही आधीची."

मी तिच्याकडे वळले.

"गौरीच्या सणाची तू. तुझ्या आईच्या बाळंतपणाला माझी आईच होती. मी तवा आईच्या पोटात होते. आई लई येळा सांगायची, शेवंता तीन महिन्यानं मोठी हाय तुझ्यापरीस, तिला नावानं हाक मारू नगं, ताई म्हण." ती किंचित हसली. "मी कधी म्हणलं न्हाय."

ते खरं होतं. माझं वयही बसत नव्हतं. मालनपेक्षा तीन महिन्यांनी जास्तच. हे मला ठाऊक होतं, मालनला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत आम्हा दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळी भिंत पडली नव्हती, कुणी मेलं नव्हतं. पेपरात छापावं असं त्यात काहीच नव्हतं.

"मग तू सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"कुणाला?"

"त्यांना. त्या खोलीत."

मालनने खांदे उडवले. "दोघी बाहेर बसून काय झालं असतं? संघात पळायला कुणीतरी पायजेच की. जिंकलो ना?"

तेवढ्यात मुली भेळ घेऊन आल्या. मालनने एक पुडा घेतला, अर्धा माझ्या हातावर ओतला. मी तो खाल्ला. तिने मला माफ केलं, असं मी त्या बाकावर ठरवून टाकलं. पुढची सतरा वर्षं मी तेच धरून बसले.

*

दोन वर्षं थांबणं तिच्या घरच्यांना परवडणारं नव्हतं. खेळत होती म्हणून तर तिचं लग्न थांबलं होतं. वैशाखात तिच्या चुलत्याने मुंबईचं स्थळ आणलं. नवरा माथाडी कामगार, कोपरखैरण्याला खोली. लग्नात मी नव्हते. माझा राष्ट्रीय स्पर्धेचा सराव सुरू होता. ती मुंबईला गेली ते मला नंतर आईने सांगितलं.

मी तीनदा महाराष्ट्राकडून खेळले. खेळाडूंसाठी राखीव जागेवर मला बँकेत नोकरी लागली. कऱ्हाडला घर झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली. इनामदारांच्या सदरात एक जूनचा रविवार आला की माझं नाव असायचं, बंडा मगदूम आणि दाजी भुवडांच्या शेजारी. ऑफिसातले लोक तो पेपर घेऊन यायचे, पेढे मागायचे. मालनचं नाव त्यात परत कधी आलं नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात भोईटे सरांचा फोन आला. ते सेवानिवृत्त झाले होते, ऐकायला कमी येत होतं, म्हणून ओरडून बोलायचे. "मालन आजारी आहे. मूत्रपिंडं गेलीत दोन्ही. हप्त्यातून दोनदा दवाखान्यात नेतात. तू जाऊन ये." फोन ठेवण्यापूर्वी थांबले. "आत्ताच जाऊन ये शेवंता. श्रावणात जाते, दिवाळीत जाते, असं करू नकोस."

मी रविवारी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली. तिचे मालक बबनराव नुकतेच बाहेर निघाले होते. जिन्यात मला वाट देत म्हणाले, "तुमचं नाव लई ऐकलंय वहिनी. बसा. ती जागी हाय."

मालन खाटेवर उशीला टेकून बसली होती. हाताला पट्टी. अंग सुजून चेहरा गोल झालेला, पण डोळे तेच. मला बघून ती म्हणाली, "ये गं एक जून!"

आम्ही गप्पा मारल्या. गावाच्या, आईच्या, शाळेच्या. तिची थोरली लेक दहावीला होती. "खेळत न्हाय," मालन म्हणाली. "मीच न्हाय घातली." हे बोलताना तिने चादरीची सुरकुती सरळ केली.

मला राहवेना. मी म्हणाले, "मालन, मनमाडला तू म्हणालीस, दोघी बाहेर बसून काय झालं असतं. तू मला माफ केलंस ना तेव्हा?"

ती उशीवर जरा सरळ झाली. दमली होती. प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायची.

"तवा खोटं बोलले मी," ती म्हणाली. "तुला वाईट वाटू ने म्हणून. तू रडकुंडीला आली हुतीस."

"मग?"

"त्या साहेबानं तुला विचारलं ना, खरी का म्हणून. तवा मी मनात म्हणलं, आता शेवंता न्हाय म्हणंल. तुला बाहेर काढावं असं मला वाटत नव्हतं गं. देवाशपथ न्हाय. पण म्हणलं, ही न्हाय म्हणंल, आणि मग आपण दोघी माठापाशी बसू. माझ्याच्यानं एकटीनं बसवत नव्हतं. सगळी पोरं बघत हुती. दोघी असतो तर मी हसले असते." ती थांबली. "तू खरी म्हणलीस. मग मी फळ्याकडं बघत राहिले. फळ्यावर गणित हुतं, अजून ध्यानात हाय. अर्धंच सोडवलेलं."

बाहेर कुणीतरी नळावर कळशी भरत होतं. मी तिचा हात धरला. तो थंड होता.

"आमच्या घरी माझा वाढदिवस कधी झालाच न्हाय," ती म्हणाली. "दादाचा दिवस तो. लहानपणी मला वाटायचं, मी आले म्हणून तो गेला. मग शाळेत गुरुजींनी एक जून लिहिली. तुझी नि माझी. मला लई आनंद झालेला. म्हणलं, आता मला पण एक दिवस हाय, नि त्या दिवशी कुणी मेलं न्हाय."

*

त्या रात्री मी बहिणीकडे राहिले आणि सकाळी एक पत्र लिहिलं. राज्याच्या खो-खो संघटनेच्या नावाने. मी शेवंता शेडगे, माझा जन्म सप्टेंबर एकोणीसशे सदुसष्टचा आहे. परभणीच्या स्पर्धेत माझंही वय बसत नव्हतं, मी समितीपुढे खोटं बोलले. विजेत्या संघातून माझं नाव काढावं. मालन झोरे हिने खरं सांगून शिक्षा भोगली, त्याची नोंद व्हावी.

पत्र घेऊन मी पुन्हा मालनकडे गेले. तिला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"पुन्हा वाच. सावकाश."

मी वाचलं. तिच्या नावाचं वाक्य आलं तेव्हा तिने डोळे उघडले.

"बघू," म्हणून तिने कागद हातात घेतला, तोंडाजवळ नेला. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिचा अंगठा कागदाच्या तळाशी गेला. "सही कुठाय?"

मी सही केली नव्हती. विसरले नव्हते. सकाळी पेन हातात होतं आणि मला बँकेची आठवण झाली. त्या बक्षिसावर, त्या प्रमाणपत्रांवर माझी नोकरी होती. मुलं शिकत होती. घराचं अर्धं काम बाकी होतं. म्हटलं, आधी तिला वाचून दाखवू, मग बघू.

"करते की," मी म्हणाले आणि पर्स उघडली. पेन सापडत होतं. ते वरच होतं. मी पर्समध्ये शोधत राहिले.

मालनने थोडा वेळ वाट पाहिली. मग कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी नोकरी जाईल. पोरांचं कसं करशील?"

मी पेन शोधायचं थांबवलं.

"चहा घे," ती म्हणाली. "लेक करती झकास."

अकराव्या दिवशी ती गेली.

*

गेल्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता पेन्शन सुरू झालीय, मुलं आपापल्या पायावर आहेत. माझं काही जाणार नव्हतं, हेही खरं. ते पत्र घेऊन मी संघटनेच्या कार्यालयात गेले. टेबलाशी तिशीतला एक कारकून होता. त्याने माझं नाव ओळखलं, उठून खुर्ची दिली. भिंतीवर जुन्या विजेत्या संघांची यादी होती, त्यात माझं नाव त्याने बोटाने दाखवलं.

मी त्याच्यासमोर कागद उलगडला आणि खाली सही केली. घडीवर शाई थोडी फुटली.

त्याने पत्र वाचलं. एकदा, मग परत. संगणकावर काहीतरी शोधलं, कपाटातून दोन जाड रजिस्टरं काढली, पानं उलटली.

"मॅडम, त्या वर्षीच्या हरकतींचे कागद आता नाहीत," तो अवघडून म्हणाला. "निकाल बदलणं वगैरे काही होणार नाही. आणि तुमचं नाव सगळीकडे आहे." त्याने पुन्हा पत्रात पाहिलं. "पण या मालन झोरे कोण? यांचं नाव मला कुठंच सापडत नाही."

"माझ्याच संघाची कर्णधार," मी म्हणाले.

त्याने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. तिथं, परभणीच्या वर्षापुढं, कर्णधार म्हणून शेवंता शेडगे असं रंगवलेलं होतं.